हात आखडता घेण्याची विद्या

फिजिओथेरपी म्हणजे हालचाल, व्यायाम आणि हस्तोपचार यांच्या आधारे शरीराची गमावलेली कार्यक्षमता परत मिळवून देणारी उपचारपद्धती. ती शिकू पाहणाऱ्याने अनुभवी उपचारकाजवळ उभे राहून नेमके काय पाहावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कारण उपचारक काय करतो हे कोणालाही दिसते, परंतु तो काय करण्याचे टाळतो हे पाहायला नजर तयार व्हावी लागते.

महाराष्ट्रात या विद्येचे पद्धतशीर शिक्षण १९५० च्या दशकाच्या आरंभी, मुंबईतील पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, केईएम रुग्णालयात सुरू झाले. पोलिओत मज्जारज्जूतील चेतापेशी नष्ट होऊन काही स्नायू दुबळे पडतात आणि शेजारचे स्नायू त्यांचे काम उचलतात, त्यामुळे हालचाल झाली एवढे पाहून भागत नाही, ती कोणत्या स्नायूने केली हे ओळखावे लागते. अशा उसन्या हालचालीला पूरक हालचाल म्हणतात. आखडलेल्या खांद्याचा रुग्ण हात वर नेतो तेव्हा नवख्याचे लक्ष हाताकडे जाते, तर जाणकार खांद्याच्या पात्यावर तळवा टेकवून सांधा किती वळला आणि पाते किती उचलले गेले, याचा हिशेब वेगळा मांडतो.

अर्धांगवायूचा रुग्ण खुर्चीतून उठू लागला की नातेवाईक त्याला दंडाला धरून ओढतात. उपचारक मात्र त्याच्या दुबळ्या बाजूला, तोल गेल्यास सावरता येईल इतक्या अंतरावर उभा राहतो, त्याला पावले मागे घेऊन धड पुढे झुकवायला सांगतो आणि थांबतो. कारण इजा झालेला मेंदू नवी जुळणी करतो ती रुग्णाच्या स्वतःच्या, पुनःपुन्हा केलेल्या प्रयत्नातून. दुसऱ्याच्या बळावर उभे राहिल्याने त्या प्रयत्नाची संधीच हुकते.

किती मदत रोखावी, हे रुग्णाच्या घरावर आणि कामावरही ठरते. आंबा घाटाच्या अलीकडे वसलेल्या, शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरच्या परिसरात उतारावरच्या पायवाटा, जमिनीवरची बैठक आणि पावसात कमरेत वाकून करायची भातलावणी हेच दैनंदिन जीवन आहे. सपाटीवर चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकला तरी निभते, परंतु उकिडवे बसायला त्याच्या दुपटीहून अधिक वाक लागतो. म्हणून सांध्याचा कोन मोजणाऱ्या गोनिओमीटरवरील आकडा समाधानकारक दिसला तरी उपचार पुरा झाला असे म्हणता येत नाही. लावणीच्या दिवसांत ‘वाकू नका’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो. कामाच्या पाळ्या, मधली विश्रांती आणि कमरेऐवजी नितंबाच्या सांध्यातून वाकण्याची सवय यांविषयी बोलावे लागते.

म्हणून निरीक्षकाने, रुग्णाची संमती घेऊन आणि स्वतःचे हात आवरून, वहीत दोन रकाने ठेवावेत: उपचारकाने काय केले, आणि करता येण्यासारखे असूनही काय केले नाही. दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक नोंदीचे कारण रुग्ण गेल्यावर विचारून घेतले, तर शेजारी उभे राहणे हे शिक्षण ठरते.