मोरपंखी पट्टी

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि भोसरीत जुन्या मशीन दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी चिकटलो. पहिल्याच आठवड्यात वाट्याला आलं एक आजारी मशीनिंग सेंटर. तक्रार एकच : टेबल उडी मारतं.

मिस्त्रीकाकांनी टेबलाला डायल लावला आणि हँडव्हील माझ्या हातात दिलं. "एकेक टिक दे. एका टिकला दहा मायक्रॉन."

पहिला टिक दिला, काटा ढिम्म. दुसरा दिला, तरी ढिम्म. तिसऱ्याला काटा एकदम तीसच्या पुढे. मी लगेच निदान केलं, "काका, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असणार."

"घरातलं लोखंडी कपाट कधी सरकवलंयस? आधी जाम हलत नाही, आणि हललं की भिंतीवर जाऊन आदळतं. हे तसंच."

स्थितिक घर्षण गतिज घर्षणापेक्षा जास्त असतं, हे मी परीक्षेत पाच मार्कांना लिहून आलो होतो. पण ते असं काट्यावर उडी मारताना दिसेल, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

क्रेनने टेबल उचलून उलटं केलं. खाली बॉल, रोलर, निदान चकचकीत पोलाद तरी असेल अशी माझी अपेक्षा. निघाली काय, तर चिकटवलेली प्लॅस्टिकची पट्टी! मोरपंखी रंगाची, ठिकठिकाणी ओरखडलेली, कटरच्या पात्याने सहज कापली जाईल अशी. एवढं बिडाचं धूड, त्यावर जॉब, त्यावर कटरचा दाब, आणि हे सगळं या पट्टीच्या जिवावर?

शॉपमध्ये तिला सगळे 'टर्साइट' म्हणतात. आत असतं पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचं तेच. 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला ते अपघातानेच सापडलं होतं. नुसतं पीटीएफई भाराखाली हळूहळू पसरतं, म्हणून त्यात ब्राँझची पूड घालतात. पूड भार पेलते आणि उष्णताही वाहून नेते. मुख्य गुण असा, की या पट्टीला जागेवरून हलवायला आणि हलतं ठेवायला जवळजवळ सारखाच जोर लागतो. म्हणून पट्टी धड असेल तर उडी नाही.

"पण काका, पोलादाचीच पट्टी लावली तर झिजणार तरी नाही."

"दोन अंग एकमेकांवर घासणार म्हटल्यावर कुणीतरी झिजणारच. कुणी झिजायचं, ते आपण आधी ठरवायचं. खालचा स्लाइड खराब झाला तर मशीन उघडून अख्खं कास्टिंग ग्राइंडिंगला न्यावं लागेल. पट्टी झिजली तर सोलायची, नवी लावायची."

मग त्यांनी मला सरावासाठी बिडाचा एक तुकडा आणि पट्टीचा एक तुकडा दिला. मी ॲसिटोनने सगळं लख्ख पुसलं, दोन भागांचा इपॉक्सी कालवला, पट्टी बसवली, वर वजन ठेवलं. तिची एक बाजू मोरपंखी, दुसरी काळपट तपकिरी. तपकिरी बाजू मळलेली वाटली, म्हणून ती वर ठेवली आणि छान दिसणारी खाली चिकटवली. दुसऱ्या दिवशी हात लावला तर खपली निघावी तशी पट्टी अलगद हातात आली. अळवाच्या पानाने पाण्याला जेवढं धरावं, तेवढंच तिने इपॉक्सीला धरलं होतं.

काका हसले. "तव्याला डोसा चिकटत नाही, तो तवा तू लोखंडाला चिकटवत होतास. ती मळलेली बाजू मुद्दाम तशी केलेली असते." त्या बाजूवर सोडियमची प्रक्रिया करून वरच्या थरातला फ्लोरिन काढून घेतात, तेव्हा कुठे गोंद धरतो. माझ्या हातून मोठी पट्टी वाचली, ती या तुकड्यामुळे.

खऱ्या टेबलाला पट्टी काकांनी लावली. ती पक्की झाल्यावर तिच्यात तेलाच्या नागमोडी खाचा पाडल्या, पट्टीच्या जाडीच्या आत राहतील एवढ्याच. मग सुरू झालं स्क्रेपिंग. खालच्या स्लाइडला निळा रंग पुसट लावायचा, टेबल ठेवून थोडं सरकवायचं, पुन्हा उचलायचं. जिथे निळं लागलं तो उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. पहिल्यांदा निळं फक्त दोन कोपऱ्यांत लागलं. मी जोर लावून खरवडलं, तर दुसऱ्या वेळी तिथे खड्डा आणि निळं भलतीकडेच. तीन दिवस हेच. चहाचा ग्लास निळा, कान निळा. शेवटी चौरस इंचाला पंधराएक ठिपके दिसू लागले तेव्हा काकांनी मान डोलावली.

मी म्हटलं, "आता एकदा पॉलिश मारून गुळगुळीत करू?"

"अजिबात नको. त्या ठिपक्यांमधल्या खोलगट जागेतच तेल राहणार. जात्याला टाकी लावतात ना?"

"हो, आमच्या आजीच्या जात्याला पाथरवट लावून जायचा."

"तिथे टाकी लावतात दळावं म्हणून. इथे लावायची, दळू नये म्हणून."

टेबल चढवलं, डायल लावला. एक टिक, दहा. दुसरा टिक, वीस. तिसरा, तीस. मी उगाचच वीसेक टिक दिले.

निघताना काकांनी स्लाइडच्या टोकाचा रबरी वायपर काढून माझ्यापुढे धरला. मधोमध फाटलेला. त्या फटीतून बिडाचा भुगा आत जात होता, मऊ पट्टीत रुतत होता आणि पॉलिश पेपरसारखा दोन्हीकडे घासत होता. पट्टी म्हातारी होऊन गेली नव्हती. ती त्या फाटक्या रबराने गेली होती.

तुमच्या शॉपमध्ये असं मशीन असेल, तर आठवड्यातून एकदा वायपर उचलून बघा.