कुत्र्याला दवाखान्यात केव्हा न्यावे

आजारी कुत्रे दुखणे लपवते. अंगात ताप असतानाही ते हाकेला कान टवकारते, शेपूट हलवते, आणि घरच्यांना वाटते की आज जरा सुस्तावले आहे. ताटलीतले अन्न तसेच राहणे, रोजची जागा सोडून पडवीच्या कोपऱ्यात एकटे पडून असणे, घरच्या माणसाची गाडी आली तरी न उठणे ही पहिली लक्षणे होत. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत ती वेळीच ओळखणे अधिक गरजेचे, कारण गावाजवळचा सरकारी गुरांचा दवाखाना दिवसाच चालतो. अंधार पडल्यावर म्हापसा किंवा पणजी गाठावी लागते. दुपारीच दिसलेली सुस्ती 'बघू उद्या' म्हणून सोडली, तर पुढचा प्रवास बहुधा रात्रीचाच घडतो.

नाक गरम किंवा कोरडे असण्यावरून काहीच ठरत नाही. हिरड्या मात्र खरे सांगतात. वरचा ओठ हलकेच उचलला की निरोगी कुत्र्याची हिरडी ओलसर, गुलाबी दिसते. बोटाने दाबून सोडल्यावर उमटलेला पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या जन्मतःच काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. पांढरटपणा रक्त कमी झाल्याचे, पिवळेपणा काविळीचे आणि निळसर झाक प्राणवायू कमी पडल्याचे लक्षण. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. शांत झोपलेले कुत्रे मिनिटाला साधारण १० ते ३० श्वास घेते. गुदद्वारात थर्मामीटर लावून घेतलेले १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट तापमान त्याला नेहमीचेच असते. १०३ च्या वर दवाखाना गाठावा, १०५ म्हणजे आणीबाणी. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी कधीही देऊ नये. पहिलीने यकृत आणि रक्तपेशींना, तर दुसरीने जठर आणि मूत्रपिंडांना इजा होते.

या भागात तापाचे कारण पुष्कळदा गोचीड असते. कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली ती आधी सापडते. पण अंगावरच्या गोचिडी काढून काम संपत नाही, कारण मादी खाली उतरून भिंतीच्या भेगेत अंडी घालते. गोचिडीने पसरवलेला बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो. कुत्रे थकते, हिरड्या फिकट पडतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. एर्लिकिया या जिवाणूने रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात. मग नाकातून रक्त येते किंवा पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उठतात. दोन्ही आजार आठवडेच्या आठवडे दबून राहू शकतात, म्हणून गोचीड महिन्यापूर्वी काढली होती हेही डॉक्टरांना सांगावे. रक्त तपासून वेळेवर औषध सुरू झाले तर बहुतेक कुत्री बरी होतात. हिरड्या पांढऱ्या पडेपर्यंत थांबले तर रक्त चढवण्याची पाळी येते.

पावसाळ्यात शेतात आणि कुळागराच्या पाटांतून हिंडणाऱ्या कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो होतो. ताप, उलट्या, कावीळ, लघवी फार होणे किंवा अजिबात न होणे ही त्याची लक्षणे. आजारी कुत्र्याच्या लघवीतून तो माणसालाही होऊ शकतो. म्हणून ती धुताना हातमोजे घालावेत.

साप चावल्यावर घोणशीच्या दंशाने तोंड किंवा पाय झपाट्याने सुजतो, जखमेतून रक्त वाहत राहते. मण्यारीच्या दंशाला सूज जवळजवळ नसते. रात्री अंगणात झोपलेले कुत्रे सकाळी मागच्या पायांवर लटपटते, पापण्या ओघळतात, श्वास उथळ होतो. जखम कापू नये, आवळून बांधू नये, पाला लावू नये. कुत्र्याला चालवू नये, उचलून गाडीत ठेवावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष कुत्र्यालाही देता येते. त्यात तास महत्त्वाचे असतात.

पोटाच्या तक्रारींत फरक करावा लागतो. गवत खाऊन एकदा उलटी केलेले, पण नंतर खेळणारे मोठे कुत्रे दिवसभर नजरेखाली ठेवले तरी चालते. लस न घेतलेल्या पिल्लाला रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब लागले तर पार्व्हो या विषाणूच्या आजाराचा संशय धरावा आणि त्याच तासाला निघावे. अशी पिल्ले दोन-तीन दिवसांत पाणी आटून मरतात. छाती खोल असलेल्या मोठ्या जातींत पोट ढोलासारखे ताणले जाऊन नुसत्या ओकाऱ्या येत असतील, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. त्यात शस्त्रक्रियेखेरीज उपाय नाही. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मादी खूप पाणी पिऊ लागली किंवा तिला घाण स्राव सुरू झाला तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. पाच मिनिटांहून लांबलेली फीट आणि लघवीसाठी कुंथणारा नर हेही तातडीचे विषय.

एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात, पत्र्याच्या खुराड्यात किंवा बंद गाडीत उष्माघात होतो. जोराची धाप, लाळ, लालभडक हिरड्या, मग तोल जाणे. साध्या पाण्याने भिजवून पंखा लावावा आणि तसेच निघावे.

रेबीजचा विचार शेवटी नव्हे, तर प्रत्येक वेळी व्हावा. मिशन रेबीज ही संस्था आणि गोवा सरकार यांच्या लसीकरण मोहिमेनंतर २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. पण पत्रादेवी आणि दोडामार्गाकडची सीमा कुत्र्यांना अडवत नाही. जबडा लोंबकळणे, लाळ गळणे, घशाखाली पाणी न उतरणे, आवाज बदलणे या लक्षणांना लोक घशात हाड अडकले समजून तोंडात हात घालतात. हा हात घालूच नये. कुत्र्याला बांधलेल्या जागीच ठेवून पशुवैद्यकाला फोन करावा. चावा किंवा लाळ लागलेली जागा साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि माणसाने त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी.