हिरड्याचा पैसा

आत्याबाईंचा ताप काल उतरला. घोडेगावचा दवाखाना, गाडीभाडं, औषधं, सगळं हिरड्याच्या पैशातून भागलं. म्हणजे पावसाळ्याचं तेल-मीठ आता उधारीवर.

आमच्या तळेघर गावात भात खायला आणि बाळहिरडा विकायला. उन्हाळ्यात हिरड्याची कोवळी फळं पाडायची, वेचायची, अंगणात पसरायची. हिरवी फळं हळूहळू काळी पडतात, सुरकुततात. मूठभर हलवून बघायची, खुळखुळ वाजली की पोत्यात. वाळताना वजन पार घटतं आणि भाव व्यापारी सांगेल तो. भर उन्हात फळं परतताना डोक्यात वह्या, रॉकेलऐवजी आलेला गॅस, दिराचं बी-बियाणं असं एकेक चालू असतं. पोरं आश्रमशाळेत आहेत म्हणून निदान त्यांच्या जेवणाचं निभावतं.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची जुनी झाडं आडवी झाली. नवं रोप लावलं तरी फळ खायला, नव्हे विकायला, किती वर्षं जायची!

तापात आत्याबाई एकच विचारत होत्या, "हिरडा आत घेतला का गं?" मला हसू आलं, मग आलं नाही. त्यांनी आयुष्यभर हेच राखलं. आता पोतं रिकामं झालंय, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. थोरल्या जाऊबाई म्हणतात, राहू दे.

दुकानदाराला सांगून ठेवलंय, भात झोडल्यावर पैसे देऊ. तो हो म्हणालाय.