लॅमिंग्टन रोडवरचा गारवा

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की लॅमिंग्टन रोड जवळच. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पत्ता विचारताना जुनंच नाव तोंडात येतं. मे महिन्यात लेकीबरोबर गेलो. ती नागपूरला घरूनच अ‍ॅनिमेशनची कामं करते. कॉम्प्युटर तापून मध्येच बंद पडला आणि एक काम हातचं गेलं.

काचेआड रंगीत दिव्यांचे वॉटर कूलर झगमगत होते. लेकीचा जीव त्यांतच! दुकानदार म्हणाला, "ताई, पाणी उष्णता फक्त रेडिएटरपर्यंत नेतं. तिथून ती पंख्यानंच खोलीत सोडायची. खोली ४० अंशांवर असेल, तर दोन्हीपैकी कुठलाच कूलर त्याखाली जाणार नाही."

शिवाय पंप गेला तर सीलबंद संच बहुधा अख्खाच बदलावा लागतो. एअर कूलरचा नुसता पंखा बदलता येतो. मोठे एअर कूलर मात्र १६ सेंटिमीटरच्या आसपास उंच. घरी फोन लावला. हिनं शाळेच्या पट्टीनं कॅबिनेट मोजलं: जेमतेम १५!

म्हणून बुटका, दोन पंख्यांचा घेतला. वाचलेल्या पैशांत पुढून जाळी असलेलं कॅबिनेट बसत होतं, पण लेक म्हणाली, "बाबा, आधी खोलीला एक्झॉस्ट फॅन."