लाटांतला उजेड

आगमनकाळातील एका रात्री आजाऱ्याला अभ्यंगसंस्कार देऊन आम्ही किनाऱ्यावरून चर्चकडे परतत होतो. अमावस्येच्या आसपासचे दिवस, अंधार दाट. लाट फुटली आणि तिच्या माथ्यावरून निळसर उजेडाची रेघ धावत गेली. ओल्या वाळूत पाऊल टेकले की भोवती ठिणग्या उमटत. पन्नाशी उलटलेले आम्ही, पण झगा वर धरून पोरासारखे पाण्यात उतरलो.

त्या रविवारी प्रवचनाला विषय शोधावा लागला नाही. आगमनकाळ म्हणजे प्रकाशाची प्रतीक्षा, आणि येथे तर समुद्रानेच दिवे लावले होते! प्रवचन रंगले असे आम्हांला वाटले. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध तांडेल दाराशी आले. म्हणाले, “फादर, तुम्ही सांगितलं ते खरं असेल. पण पाणी असं पेटलं की आमचं जाळं रिकामं येतं.” एवढे बोलून ते निघून गेले.

आम्ही वाचू लागलो. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. ज्या समुद्रावर आमचा निम्मा धर्मग्राम जगतो, त्याचे शास्त्र मात्र राहून गेले होते.

त्या जीवाचे नाव नॉक्टिल्युका. लॅटिनचे जे थोडे ज्ञान उरले आहे त्यावरून अर्थ लागला: रात्री प्रकाशणारी. तिचे सगळे शरीर म्हणजे एकच पेशी, जेमतेम टाचणीच्या टोकाएवढी. लाटेचा किंवा वल्ह्याचा धक्का बसला की पेशीतील रसायनांचा संयोग होऊन क्षणभर निळा प्रकाश पडतो. तो कशासाठी? खायला आलेल्या जीवाला दचकवण्यासाठी, किंवा त्यालाच त्याच्या शत्रूच्या नजरेस पाडण्यासाठी, असा तर्क आहे. म्हणजे आम्ही ज्याला आगमनाचा दिवा म्हटले, तो चोर आला म्हणून केलेला आरडाओरडा होता!

तांडेलांचे म्हणणे कळण्यासाठी समुद्राचे स्वयंपाकघर पाहावे लागते. हिवाळ्यात ईशान्येचा थंड, कोरडा वारा वाहू लागला की उत्तर अरबी समुद्रातील वरचे पाणी गार व जड होऊन खाली जाते आणि खालचे पोषक क्षार वर येतात. समुद्राचे हे खत. त्यावर डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल वाढते. त्यावर बारीक जीव, त्यांवर जवळा आणि जवळ्यावर बोंबील पोसतो. नॉक्टिल्युका या पंगतीत घुसते. ती डायटम गिळते, प्रसंगी माशांची अंडीही गिळते. तिला खाणारे मात्र मुख्यतः जेलीफिश आणि साल्प यांसारखे पारदर्शक प्राणी. त्यांना बाजारात कोण विचारतो?

अरबी समुद्रात तिची हिरवी जात आढळते. तिच्या पेशीत शैवाल भाडेकरूसारखे राहते आणि उन्हावर अन्न तयार करून भाडे चुकते करते. पूर्वी तेथे हिवाळ्यात डायटमचे राज्य असे. २००० नंतरच्या वर्षांत ही हिरवी जात दूरवर पसरू लागली. जोआकिम गोएस, हेल्गा गोम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली याचा संबंध पाण्यातील प्राणवायूच्या तुटवड्याशी जोडला. हे सर्व शास्त्रज्ञांना मान्य नाही. २०२० साली गोएस यांच्याच गटाने हिमालयाकडे बोट दाखवले: तेथील बर्फाचे आच्छादन घटल्याने वारा पूर्वीसारखा थंड राहत नाही, पाणी नीट ढवळले जात नाही, खत वर येत नाही, अशा टंचाईत घरी भाडेकरू ठेवणारीच तगते.

हे सारे आम्ही तांडेलांच्या ओट्यावर बसून सांगितले. रिकाम्या जाळ्याला बारीक आसाचे ट्रॉलरही कारण आहेत, हे त्यांनी आम्हांला सांगितले. हिमालयाचे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले.

“इतक्या लांबून?” त्यांनी विचारले.

“हो.”

“मग फादर, आम्ही भांडायचं कोणाशी?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांच्या सुनेने चहा आणला. समोर बांबूंच्या वलांडीवर चार-दोन ओळी बोंबील वाळत होते. बाकीचे बांबू मोकळेच होते.