शहाबादी

वैशाखातल्या दुपारी आमच्या गुलबर्ग्याच्या घरात एकच जागा गार असायची, मधल्या खोलीतली शहाबादी फरशी. आत्या तिच्यावर गाल टेकून पडायची नि आम्हांला हाकारायची, "इथं या की रे!" त्या करड्या-निळ्या चुनखडीत कुठल्याशा आदिम समुद्राचा गाळ थिजलाय, हे मला फार उशिरा कळलं. आत्यानं समुद्र जन्मात पाहिला नव्हता. मिठाचं मात्र तिला वेड. कैरी संपली तरी बोट वाटीतच. आणि उन्हानं रापली म्हणावं, तर तळहाताच्या रेषासुद्धा काळवंडलेल्या.

तेच दुखणं होतं.

लंडनच्या थॉमस ॲडिसननं १८५५ मध्ये लिहून ठेवलेलं. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या दोन इवल्या ग्रंथी क्षयानं पोखरल्या होत्या, आणि इतरांच्या अंगात पहाटेच्या उजेडाबरोबर जे आपसूक चढतं, ते तिला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांतून मोजून घ्यावं लागे: सकाळी १०, दुपारी ५, संध्याकाळी ५ मिलिग्रॅम. त्याआधी कितीतरी वर्षं स्टिरॉइडची याहून जड मात्रा चालली. जगवणारं औषधच हाडांतला चुना गुपचूप नेत राहिलं. एका श्रावणात, त्याच फरशीवर, मनगट मोडलं.

दगड एकदा थिजला की थिजला. हाड रोज थोडं पाडतं, रोज थोडं बांधतं. झोलेड्रॉनिक ॲसिड पाडणाऱ्या पेशींचा हात धरतं. वर्षातून एकदा, सलाइनमधून. आधी रक्तातलं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, मूत्रपिंडं, सगळं तपासून झालं. मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पहिले तीन दिवस ताप येऊ शकतो, म्हणाले. तुमचं-आमचं शरीर तापाला आपलं कॉर्टिसॉल वाढवून तोंड देतं, यांचं नाही देणार. ताप आला की गोळी दुप्पट. उलटीनं पडली, तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन टोचायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

ताप रात्रीच चढला. खिडकीबाहेर निंब निश्चल, आत तिचे दात कडकड वाजताहेत, पंख्याखाली गोळ्यांची पट्टी फडफडतेय, आणि मी चिमण्या दिव्याच्या उजेडात, हरवलेला दाणा शोधावा तशी, एकेक पांढरी चकती तळहातावर पुन्हा पुन्हा मोजतेय. दुप्पट म्हणजे किती, एवढं साधं गणितही त्या रात्री सुटेना. गोळी पोटात टिकली. मी तिच्या उशाशी फरशीवर बसून राहिले. दगडातला गारवा पाठीत चढत होता.

पहाटे घाम फुटला. आंबिलीचा एक घोट घेऊन आत्यानं तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी पडलंय बघ."

मी वाटी पुढं केली.