दरियाफ़्त

मराठीत ‘शोध’ हा शब्द फार राबतो. टेलिफोनचाही शोध आणि अमेरिकेचाही शोधच. उर्दूत नवं घडवलं तर ‘ईजाद’, आधीपासून असलेलं सापडलं तर ‘दरियाफ़्त’. शिवाय दरियाफ़्त करणं म्हणजे विचारपूस करणंही. हा फरक वर्गात सांगताना मी चीनमधल्या एका झाडाची गोष्ट सांगते.

जपानचे शिगेरू मिकी जुने जीवाश्म तपासत होते. तोवर ते सिकोया किंवा टॅक्सोडियमचे समजले जात. त्या झाडांची पानं फांदीवर फिरत्या जिन्यासारखी लागतात. मिकींच्या जीवाश्मात ती समोरासमोर जोडीनं होती, शंकूचे खवलेही तसेच. एवढ्याशा फरकावरून १९४१ साली त्यांनी नवी प्रजाती मांडली : मेटासिकोया. अर्थात कधीच नामशेष झालेली.

१९४३ मध्ये चीनचे वनअधिकारी वांग झान यांनी मोदाओ गावातल्या एका प्रचंड झाडाच्या फांद्या आणि शंकू गोळा केले. सूचिपर्णी, पण हिवाळ्यात पानं झडणारं झाड. बुंध्याशी छोटंसं देऊळ. गावकरी त्याला ‘शुईशा’ म्हणत. वांग यांनी नोंद केली ती ग्लिप्टोस्ट्रोबस या ओळखीच्या झाडाची. नमुने पुढे झेंग वानजुन यांच्याकडे आणि त्यांच्याकडून १९४६ साली बीजिंगला हू श्यानसू यांच्याकडे गेले. हूंनी मिकींचा निबंध वाचलेला होता. पानं पुन्हा समोरासमोर! जीवाश्म जिवंत उभा होता.

चीन तेव्हा जपानशी झालेल्या आठ वर्षांच्या युद्धातून नुकता बाहेर पडला होता. तरी हू आणि झेंग यांनी १९४८ साली नाव दिलं ते मेटासिकोया ग्लिप्टोस्ट्रोबॉइडिस. शास्त्राची शिस्त तीच, हे खरं. पण त्या वर्षांत ती पाळायला मन मोठं लागलं असेल. आडनावात, म्हणजे ‘ग्लिप्टोस्ट्रोबससारखं’ यात, वांग यांचा पहिला अंदाजही राहिला.

“मॅडम, गावकऱ्यांना तर झाड माहीतच होतं ना?” हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि मी त्याचीच वाट पाहत असते. लॅटिन नावात गावकरी नाहीत. चिनी भाषेत मात्र त्या झाडाला आज शुईशान म्हणतात, त्यांच्या शुईशाशी नातं सांगणारं नाव. एवढं ऐकलं की घरी दखनी बोलणारी, वर्गात जपून ‘पेरू’ म्हणणारी पोरं हळूच सांगतात, “आमच्यात जाम म्हणतात.” मग फळ्यावर पेरूच्या शेजारी जामही लिहिला जातो.